'राजी' घडवणारी संस्था : यवतमाळहून पाहिलेली एक वाटचाल

2017 साली पुण्यात अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही व्हिडिओ गेम बनवणारी संस्था सुरू केली. 18 ऑगस्ट 2020 रोजी तिचा पहिला गेम, 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक', प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. मूठभर माणसांच्या भारतीय संस्थेसाठी ही मोठी मजल होती.

'राजी'च्या कथेत यवतमाळ नाही, पऱ्हाटी नाही, आपली वऱ्हाडी बोली नाही. तरीही जिल्ह्यातल्या वाचकांसमोर ही वाटचाल मांडावी असं मला फार वाटत होतं. व्हिडिओ गेमला कला म्हणायचं का, हा वाद जगात वीस वर्षं चालू आहे आणि मराठीत त्याच्याकडे फारसं कोणी वळून पाहिलेलं नाही. आपल्याकडे गेमचा विषय निघतो तो पोरांच्या डोळ्यांवरून, बुडालेल्या अभ्यासावरून आणि बापाच्या खात्यातून गेलेल्या पैशांवरून. ती काळजी खरी आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण ज्या गोष्टीत आपली पोरं रोजचे तास घालवतात, तिच्यातलं कसदार काय आणि भुसकट काय हे सांगणारी चार वाक्यं आपल्याजवळ नसावीत, याचं मला वाईट वाटतं. ही वाटचाल मांडण्याचं दुसरं कारण कापसाचं आहे.

इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे टाकली ती कापसासाठी. इथल्या जिनिंगमधून निघालेल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत, मुंबईला जात आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत. कापड होऊन तोच कापूस परत येई तेव्हा त्याच्यावर नाव दुसऱ्याचं असे आणि भावही दुसऱ्याने ठरवलेला असे. भारतातल्या गेम-उद्योगाची पहिली वीस वर्षं बरीचशी अशीच गेली. बंगळुरात 1997 मध्ये 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' सुरू झाली, मुंबईत 1999 मध्ये विशाल गोंडल यांनी 'इंडियागेम्स' काढली. पुण्यात फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा स्टुडिओ आपल्याकडे घेतला. इथल्या चित्रकारांनी आणि प्रोग्रामरनी परदेशी गेममधल्या गाड्या रंगवल्या, इमारती उभारल्या, झाडं लावली, चुका शोधून दिल्या. हात तयार झाले, पगार मिळाले, यात वाईट काही नाही. पण गोष्ट कोणाची सांगायची हे ठरवणारा माणूस समुद्रापलीकडे बसलेला होता. इंडियागेम्ससारख्या संस्थांनी स्वतःचे गेमही पुष्कळ काढले. मात्र त्यांतले बटणांच्या फोनवरचे गेम त्या फोनांबरोबरच गेले.

नॉडिंग हेड्सच्या तिघांनी ठरवलं ते या पार्श्वभूमीवर धाडसाचं होतं. कथा आपली, चित्रं आपली, नाव आपलं. शिवाय मोबाइलवर फुकट वाटून जाहिरातींतून पैसे काढण्याच्या धाटणीचा गेम त्यांना करायचा नव्हता. कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर निवांत बसून खेळायचा, विकत घ्यायचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक कथा असलेला गेम त्यांना हवा होता. भारतात तेव्हा गेम खेळणारे बहुतेक लोक मोबाइलवर खेळत आणि पैसे देऊन गेम घेण्याची सवय थोड्यांनाच होती. घरचं गिऱ्हाईक जवळजवळ नाही, हे ठाऊक असताना त्यांनी हा मार्ग धरला.

सुरुवातीलाच ठेच लागली. 2017 मध्ये त्यांनी 'किकस्टार्टर' या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर जगभरच्या खेळणाऱ्यांना हाक दिली. तिथला नियम कडक आहे : ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे हाती येतात, थोडी कमी पडली तरी वर्गणीदारांना परत जातात. 'राजी'ची रक्कम पूर्ण झाली नाही. संस्था जन्मली त्याच वर्षी बंद पडायला हे पुरेसं कारण होतं. तरीही काम थांबलं नाही. पुढे 'सुपर डॉट कॉम' या प्रकाशकाचा आधार मिळाला आणि तीन वर्षांनी गेम पुरा झाला. संस्थांच्या इतिहासात आपण उद्घाटनांच्या आणि पुरस्कारांच्या तारखा लिहितो. या संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती वर्गणी फसल्यानंतर चालू राहिलेली ही वर्षं.

या वर्षांत त्यांनी काय घडवलं, हे गेम कधी हातात न घेतलेल्या वाचकासाठी जरा सावकाश सांगतो.

राजी ही कसरती करणारी मुलगी आहे. असुरांनी तिचा धाकटा भाऊ गोलू पळवून नेला आहे आणि महाबलासुरापर्यंत पोचून तिला त्याला सोडवायचं आहे. देवांनी या लढाईसाठी तिला निवडलं आहे. तिच्या हाती त्रिशूळ येतो, धनुष्य येतं. पण खेळणाऱ्याच्या लक्षात राहते ती तिची चाल. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गरगर फिरते आणि त्याच वेगात असुरावर झेपावते. मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला ती हालचाल परकी वाटणार नाही. सगळा वेळ दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे वरून पाहत आपसांत बोलत असतात. ही पोर टिकेल का, हिला आणखी काय द्यावं, अशी त्यांची चर्चा चालते आणि कथेचं निवेदन त्यांच्या संवादातूनच पुढे सरकतं.

तिच्या भोवतीचं जग हाताने रंगवलेलं आहे. कांगडा, बसोली अशा डोंगराळ दरबारांत बहरलेल्या पहाडी लघुचित्रांची शैली चित्रकारांनी समोर ठेवली आणि भिंती, दगड, पाणी, आकाश त्या रंगांत उतरवलं. राजस्थानी महाल, झरोके, पायऱ्यांच्या विहिरी, कमळांनी भरलेली तळी यांतून राजी जात राहते. वाटेत भिंतींवर चित्रं कोरलेली आहेत. खेळणारा तिथे थांबला तर देव त्या चित्रांतली पुराणकथा सांगतात. त्याला थांबायचं नसेल तर तो पुढे जाऊ शकतो. काही ठिकाणी मंडलाचे तुकडे फिरवून चित्र जुळवायचं असतं आणि ते जुळलं की राजीच्या मनातली एक आठवण उघडते. कथेतले मोठे प्रसंग छाया-बाहुल्यांच्या रूपात दाखवले आहेत. ही परंपरा आपल्याही ओळखीची आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या सांभाळला आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. भारतीय वाद्यांचे सूर त्याने परक्याच्या कुतूहलाने आणि आदराने वापरले आहेत.

कोरोनाच्या टाळेबंदीच्या वर्षात निन्टेन्डो कंपनीने आपल्या कार्यक्रमात 'राजी' दाखवला आणि त्याच दिवशी तिच्या 'स्विच' या कन्सोलवर तो विक्रीला आला. 15 ऑक्टोबर 2020 रोजी तो कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पोचला. परदेशी समीक्षकांनी चित्रांचं, वास्तूंचं आणि संगीताचं भरभरून कौतुक केलं. लढाईतला तोचतोपणा, चार-पाच तासांत संपणारा पल्ला आणि अपुरा वाटणारा शेवट यांवर त्यांनी बोटही ठेवलं.

आता वादाकडे येतो.

अमेरिकेतले नामवंत चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी 2005 मध्ये लिहिलं की सिनेमा आणि साहित्य यांच्या पंक्तीला व्हिडिओ गेम बसू शकत नाहीत. त्यांचं कारण विचार करण्यासारखं होतं. कलावंत आपल्याला एका ठरलेल्या अनुभवाकडे नेतो आणि त्या अनुभवावर त्याची हुकमत असते. गेममध्ये पुढे काय करायचं हे खेळणारा ठरवतो, म्हणजे लेखकाची हुकमत गेली. आणि ती गेली की कलाही गेली. 2010 च्या एप्रिलमध्ये त्यांनी याहून कडक निकाल दिला : गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. हजारो खेळणारे त्यांच्यावर तुटून पडले. जुलैत त्यांनी कबूल केलं की स्वतः न खेळता असं मत जाहीरपणे मांडायला नको होतं. मूळ मत मात्र त्यांनी सोडलं नाही. हा प्रांजळपणा मला आवडतो. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यातून शिकता येईल.

ईबर्ट यांच्या त्या निकालानंतर दोनच वर्षांत संग्रहालयांचे दरवाजे उघडले. 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयात व्हिडिओ गेमच्या कलेवर 80 गेमचं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 14 गेम आपल्या कायम संग्रहात घेतले. लगेच लंडनच्या 'गार्डियन'मध्ये जोनाथन जोन्स या कलासमीक्षकाने विरोधाचा लेख लिहिला. वाद मिटलेला नाही आणि तो मिटायची घाईही नसावी.

आपल्या परंपरेला हा प्रश्न परका नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात ते खेळायला काहीतरी मागायला, डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असं. ब्रह्मदेव त्यांना नाट्य देतो. भारतीय रंगभूमीच्या उगमाची ही कथा खेळाच्या मागणीपासून सुरू होते, हे खेळाला हलकं समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. दादासाहेब फाळक्यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळाली नाही. खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पडद्यावर तोंड दाखवणं हे तेव्हा अब्रूचं काम नव्हतं. त्याच माध्यमाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था 1960 मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत उभी राहिली. मधल्या 47 वर्षांत सिनेमा बदलला आणि सिनेमाकडे पाहणारी नजरही बदलली. तमाशाला, लावणीला याहून जास्त वाट पाहावी लागली. आपल्या गावांतली दंडार तर अजूनही कितीतरी सुशिक्षितांच्या लेखी कलेत जमा झालेली नाही, आणि याचं मला दुःख आहे.

पण जुन्या माध्यमांना उशिरा मान मिळाला म्हणून गेमलाही तो द्यावा, एवढ्यावर मला थांबायचं नाही. तो युक्तिवाद कोणत्याही गोष्टीसाठी करता येईल. ईबर्ट यांच्या आक्षेपाला नेमकं उत्तर हवं, आणि ते रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसे'च्या आधाराने शोधता येतं असं मला वाटतं. कलेचा विचार दोन ध्रुवांमध्ये हेलकावतो, अशी पाटणकरांची मांडणी आहे. अलौकिकतावादी म्हणतात, कलाकृती हे स्वतःपुरतं पूर्ण जग आहे. व्यवहाराचे हिशेब तिथे लागू होत नाहीत. लौकिकतावादी म्हणतात, कला जगण्यातूनच येते आणि जगण्यातल्याच मोजमापांनी तिची पारख होते. कोणतंही एक टोक पुरेसं पडत नाही. गेम या दोन्ही ध्रुवांना एकदम हात लावतो. त्याची सीमा आखलेली असते, आतले नियम त्याचे स्वतःचे असतात आणि तिथे हरलं तरी घर बुडत नाही. पण आत निवड करणारा माणूस खराच असतो. त्याचं भय, लोभ, माया हे सगळं तो बरोबर घेऊन जातो. लेखक खेळणाऱ्याला मोकळं सोडतो तेव्हा त्याची हुकमत संपत नाही. कोणत्या वाटा द्यायच्या, कोणत्या बंद ठेवायच्या आणि प्रत्येक वाटेची किंमत काय ठेवायची, हे त्यानेच ठरवलेलं असतं. निवडीचं ओझं घडवणं ही गेमकाराची कला आहे.

उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या त्या 14 गेममध्ये जेसन रोहरर यांचा 'पॅसेज' आहे. अवघ्या पाच मिनिटांचा, चित्रं ठिपक्या-ठिपक्यांची. एक माणूस डावीकडून उजवीकडे चालतो. सुरुवातीला एक स्त्री भेटते. तिला सोबत घेतलं तर काही अरुंद वाटांत शिरता येत नाही, तिथली संपत्ती हुकते. न घेतलं तर सगळीकडे जाता येतं, पण एकट्याने. चालता-चालता केस पांढरे होतात, सोबतीण मरते, मग तो मरतो. संवाद नाही, उपदेश नाही. खेळणाऱ्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात न कळत केलेली निवड शेवटी त्याच्या अंगावर येते. असा परिणाम कवितेला किंवा चित्रपटाला याच रीतीने साधता येणार नाही, कारण तिथे दोष देण्यासाठी किंवा हळहळण्यासाठी दुसरं कोणीतरी असतं. लुकास पोप यांच्या 2013 च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये खेळणारा सीमेवरचा कारकून होतो. कागद तपासायचे, शिक्का मारायचा, दिवसाच्या पगारात घर चालवायचं. एखाद्या आईचा कागद अपुरा असतो. तिला सोडलं तर पगार कापला जातो आणि घरी पोर आजारी आहे. कारकुनाच्या खुर्चीत बसून चांगुलपणाची किंमत मोजायला लावणारं याहून प्रभावी काही मी पाहिलेलं नाही.

या कसोटीवर 'राजी'कडे पाहिलं तर माझा निर्णय असा : चित्र, वास्तू, हालचाल आणि संगीत या अंगांनी ती निःसंशय कलाकृती आहे. गेम म्हणून ती अर्ध्या वाटेवर थांबली आहे. राजीला निवड करावी लागत नाही. तिची वाट देवांनी आखलेली आहे आणि खेळणाऱ्याने ती फक्त चालायची आहे. कोणाला मारलं, कोणाला टाळलं, कुठे थांबलं, याने कथेत काही फरक पडत नाही. भिंतींवरची चित्रं इतकी बोलकी आहेत की देव थोडं कमी बोलले असते तर ती जास्त खोल गेली असती. तरीही ती पहिली पायरी फार मोलाची होती. पुण्यात बसून, परक्याच्या कामाची वाट न पाहता, कापूस इथे पिकवून कापडही इथेच विणता येतं, हे तिने दाखवून दिलं.

पुढची वाटचाल थोडक्यात. 2022 मध्ये संस्थेने 'राजी'ची सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्यात दुर्गा आणि विष्णू हिंदीतही बोलू लागले. पुढे नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेममध्येही 'राजी' दाखल झाला. मराठी आवाज त्याला अजून मिळालेला नाही आणि पुण्यातल्या संस्थेकडून तो मागण्याचा आपला हक्क आहे असं मला वाटतं. पुण्यातच 'सुपरगेमिंग' या दुसऱ्या संस्थेने 2024 मध्ये 'इंडस' हा भारतीय कल्पनेवरचा लढाईचा मोबाइल गेम आणला. त्याची जात वेगळी आहे, पण गोष्ट आपली हवी हा आग्रह तोच आहे. गुजरातेत वापीजवळच्या चाळा इथून ध्रुव जानी यांच्या 'स्टुडिओ ओलिओमिंगस'ने वसाहतवाद, भाषा आणि आठवणी यांवर लहान, साहित्यिक वळणाचे गेम केले. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने 2018 मध्ये गेमवर जे प्रदर्शन भरवलं, त्याच्या निमित्ताने त्यांच्याकडून एक गेम करवून घेतला. विचाराच्या बाजूने पाहिलं तर ओलिओमिंगसचं काम 'राजी'पेक्षा पुढचं आहे.

सरकारही जागं झालं आहे. जुलै 2025 मध्ये मुंबईत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या आवारात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी राज्याचं धोरण त्याच सप्टेंबरात मंजूर झालं. मधल्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

बापाच्या खात्यातून जाणाऱ्या पैशांची काळजी इथे येते. रमीच्या जाहिरातींनी आणि पैजेच्या अ‍ॅपनी गावागावांत काय केलं, हे आपण पाहिलं आहे. माझ्या मते त्या जुगाराला गेम म्हणणं हीच कलेशी केलेली प्रतारणा आहे. गेमचं जग आखलेल्या सीमेच्या आत राहतं म्हणून माणूस तिथे मोकळेपणी चुकू शकतो. पैसे लागले की सीमा फुटते आणि चुकीची किंमत वावर विकून मोजावी लागते. कायद्याने ही दोन जगं वेगळी केली हे उत्तम झालं. आता आई-बापांनीही ती वेगळी ओळखावीत. पोरगं काय खेळतं, हे एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावं.

आणि आता आपल्या मातीबद्दल. 2017 हे नॉडिंग हेड्सच्या जन्माचं वर्ष. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, औषधांची मिश्रणं जहाल होती आणि तोंडाला बांधायला धड फडकं नव्हतं. पाठोपाठ गुलाबी बोंडअळीने उभं पीक खाल्लं. या घटनांवर बातम्या आल्या, अहवाल आले, चौकशी पथक बसलं. पण फवारणीच्या दिवशी सकाळी माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते अहवालात येत नाही. वारा कोणत्या दिशेला आहे? आज थांबावं तर अळी थांबेल का? मजुरी दिवसाची आहे, उद्या पंप दुसऱ्याकडे जाईल. दुकानदाराने सांगितलेलं दुसरं औषध त्यात घालावं का? ते उधारीवर आहे. हातमोज्यांचे पैसे काढावेत तर पोराची फी राहते. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत शेतकऱ्याचं वर्ष अशाच निवडींनी भरलेलं असतं. पहिल्या पावसावर पेरावं की थांबावं, दुबार पेरणीचं बियाणं कोणाच्या नावावर घ्यावं, कापूस खेडा खरेदीत आज द्यावा की सरकारी केंद्र उघडायची वाट पाहावी. प्रत्येक निवड अर्धवट माहितीवर करायची आणि तिची पूर्ण किंमत स्वतः मोजायची.

कादंबरीने हे सांगितलं आहे, नाटकाने आणि सिनेमाने दाखवलं आहे. गेम मात्र वाचकाच्या हातात तो पंप देऊ शकतो. मुंबईत बसलेला खेळणारा आपल्या बुद्धीने, चांगल्या हेतूने एकेक निर्णय घेत जाईल आणि ऑक्टोबरात त्याला कळेल की प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळी शहाणपणाचा होता आणि तरीही घर बुडालं. शेतकरी चुकतो म्हणून बुडतो, असं म्हणणाऱ्यांना मी याहून चांगलं उत्तर देऊ शकत नाही.

मरणाचा खेळ करणार का, असा आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. त्याला आपल्याच भागाने आधी उत्तर दिलेलं आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्याच वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. दुःख ज्यांचं, सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचा, हे त्या नाटकाने शिकवलं. असा गेम करणाऱ्याने आधी वर्षभर वावरात आणि ओसरीवर बसावं, त्या कुटुंबांना विचारून एकेक प्रसंग ठरवावा, गुण आणि बक्षिसं यांना फाटा द्यावा. तसं झालं तर तो खेळ कोणाचाही अपमान करणार नाही.

हे काम पुण्याच्या संस्थेने करावं अशी वाट पाहू नये. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत प्रोग्रामिंग शिकणारी मुलं आहेत, गावोगाव चित्रं काढणारे हात आहेत, कापसाचं अख्खं वर्ष तोंडपाठ असलेली माणसं घरोघर आहेत. गेम बनवण्याची साधनं आज शिकणाऱ्याला फुकट मिळतात आणि 'पॅसेज' एकट्या माणसाने केलेला आहे. जिल्ह्यातल्या साहित्य संस्थांनी आपल्या कार्यक्रमांत कथाकथनाच्या शेजारी एक संध्याकाळ गेमच्या वाचनाला द्यावी, दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुस्तक-परीक्षणाबरोबर गेमचं परीक्षणही मागवावं. शिक्षकांनी अशा कामाला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मान्यता द्यावी. आणि ज्या वाचकांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, त्यांना माझी विनंती आहे की मत बनवण्याआधी घरातल्या मुलाला किंवा नातीला शेजारी बसवून 'राजी'तला एक तास आणि 'पॅसेज'ची पाच मिनिटं स्वतः खेळून पाहावीत.